शेवटी बोलणारीचा डाव



वर्गात सगळ्यांत शेवटी बोलणारी मी. आज संयोजकांनीही मला शेवटचाच क्रमांक दिलाय! म्हणून बोलते पोकरवर. सहलीच्या बसमध्ये मेंढीकोट खेळताना ज्यांचे पत्ते जप्त झाले, त्यांना तरी विषय चालेल.

अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना सहकाऱ्यांबरोबर हा खेळ शिकले. पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर. प्रत्येकाच्या हातात दोन पाने, बाकीची मध्ये, सगळ्यांची मिळून. त्यातली पहिली तीन एकदम उघडतात. साधारण १९ डावांत एकदा तिन्ही एकाच जातीची येतात, समजा बदाम. मग सगळेच बिचकतात, कारण हातात आणखी दोन बदाम असतील त्याचा फ्लश तयार.

अशा वेळी शेवटी बोलणाऱ्याला आधी सगळ्यांचे ऐकायला मिळते. एकदा माझ्याआधीच्या दोघांनी काहीच लावले नाही. माझ्याकडे बदामचा एक्का होता. मला न दिसणारी पाने ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे एखाद्याच्या हातात दोन बदाम असण्याची शक्यता साधारण ३० त एक. शिवाय चौथा बदाम उघडला तर एक्क्याचा फ्लश माझाच. मी पॉटच्या निम्म्या चिप्स लावल्या. अशी चाल तीनदा केली आणि एकदा जरी सगळ्यांनी पाने टाकली, तरी नुकसान नाही. दोघांनीही टाकली.

मग चटक लागली. पुढच्या वेळी हातात एकही बदाम नव्हता, तरी लावले. एकाने बरोबरी केली. तिथेच थांबायला हवे होते. पण माघार कशी घ्यायची? चौथ्या पानाला पुन्हा लावले, पाचव्याला सगळ्या चिप्स. त्याने शांतपणे दोन बदाम दाखवले.

गेल्या त्या नुसत्या चिप्स. पण घरी जाताना आठवले, त्याच आठवड्यात टेस्ट फेल होत असताना 'रिलीज ठरल्या दिवशीच' हा हट्ट मी असाच धरला होता. माझ्या टीममधली दोन नवी मुले त्यापायी रात्रभर जागली. सोमवारी त्यांची माफी मागितली आणि तारीख पुढे ढकलली.

गणिताचे सर माझ्या वहीत लाल शाईने एकच शब्द लिहायचे, 'कशावरून?' पहिल्या डावात माझ्याकडे त्याचे उत्तर होते. दुसऱ्या डावात नव्हते, आणि त्या रिलीजच्या वेळीही नव्हते.

सर, तुम्ही समोर बसला आहात. उत्तराला तीस वर्षे उशीर झाला. पण शेवटी बोलायची माझी सवय तुम्हाला माहीतच आहे!