घरातले गाणे: आकडे, कान आणि नोंद

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संस्कारित पाठ)



मराठीच्या अध्यापकाने या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, किंवा फार तर माळव्यातील मराठी माणसांच्या ग्रंथप्रेमावर बोलावे, अशी रीत आहे. ती मोडून मी आज घरी गाणे ऐकण्याच्या नव्या साधनांविषयी बोलणार आहे. विषय अगदीच परका नाही. इंदूरच्या मराठी घरांत पुस्तक आणि गाणे ही दोन्ही व्यसने जोडीने नांदत आली आहेत. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले आणि १९९२ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. पुस्तक बदलायला मी आलो की देवघेवीच्या खिडकीशी हल्ली कोणी ना कोणी सभासद हमखास विचारतो, "सर, मुलाने फोनवर गाण्यांची ती वर्गणी भरून दिली आहे. त्यात हाय-रिझोल्यूशन असे लिहून येते. ते म्हणजे काय, आणि त्यासाठी नवी यंत्रे घ्यावीत का?"

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. पण या प्रश्नाच्या निमित्ताने बरेच वाचले आणि त्याहून अधिक ऐकले. त्यातले जे सांगण्याजोगे वाटते ते आपल्यापुढे ठेवतो.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. ग्रामोफोनच्या तबकडीवर तो चढउतार खाचेच्या वळणांत कोरला जाई. डिजिटल पद्धतीत तो मोजून आकड्यांत लिहितात. एका सेकंदात किती वेळा मोजले हा झाला एक आकडा, आणि प्रत्येक वेळी किती बारीक पट्टीने मोजले हा दुसरा. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८२ मध्ये सीडी आणली, तेव्हा सेकंदाला ४४,१०० मोजण्या आणि १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी असे माप ठरले. त्यापुढचे जे माप ते हाय-रिझोल्यूशन: पट्टी २४ बिटांची, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्यांची, आणि मोजण्या सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,०००. एक तासाचे गाणे सीडीच्या मापाने सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. या सर्वांत मोठ्या मापाने चार गिगाबाइटच्याही वर जाते. ॲपलने २०२१ मध्ये हे माप जादा पैसे न आकारता ग्राहकांना दिले, आणि तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोहोचला.

येथे एक गल्लत नेहमी होते. एमपी थ्री हा प्रकार वेगळा आणि फ्लॅक वेगळा. एमपी थ्रीमध्ये, मोठ्या आवाजाआड झाकले गेलेले बारीक आवाज कानाला जाणवत नाहीत या हिशेबाने, ते कात्री लावून काढून टाकतात. एकदा काढले की गेले. २००१ मध्ये आलेल्या फ्लॅकमध्ये कात्री नाही. कपडे घडी घालून ट्रंकेत ठेवावेत आणि उलगडले की जसेच्या तसे निघावेत, तसा तो प्रकार. कात्री हलक्या हाताने चालविली असेल, म्हणजे एमपी थ्री मोठ्या मापाचा असेल, तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. निर्दयपणे चालविली असेल तर मात्र तंबोऱ्याची जवारी गढूळ होते, आणि ते कोणालाही कळते. म्हणून माझे पहिले उत्तर असे की, कात्री न लावलेले गाणे मिळत असेल तर ते जरूर घ्यावे.

पण सीडीच्या मापापुढे जाऊन खरोखर काही अधिक ऐकू येते का? जाहिरातीत एक चित्र असते. सीडीचा ध्वनी जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा आणि हाय-रिझोल्यूशनचा मात्र गुळगुळीत. हे चित्र दिशाभूल करणारे आहे. लहरीतील सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली, की त्या मोजण्यांवरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते, असे गणित सांगते; यंत्रातून बाहेर पडतो तो ध्वनी गुळगुळीतच असतो. मानवी कानाची धाव तरुणपणी सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत, आणि पन्नाशीनंतर ती बरीच खाली येते. ४४,१०० हा आकडा त्या धावेच्या दुपटीहून मोठा आहे. राहिली बिटांची गोष्ट. बिट वाढले की गाण्यामागची सूक्ष्म खरखर आणखी खाली जाते. पण १६ बिटांतही ती मोठ्यात मोठ्या आवाजाच्या ९६ डेसिबल खाली असते. भर वस्तीतल्या आपल्या दिवाणखान्यात एवढी शांतता कोणत्या प्रहरी मिळते, ते ज्याचे त्याने पाहावे.

प्रत्यक्ष परीक्षाही झाल्या आहेत. मायर आणि मोरन या बोस्टनच्या दोघा अभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, श्रोत्यांना न सांगता हाय-रिझोल्यूशनचा ध्वनी मध्येच सीडीच्या मापात उतरवून ऐकविला. ५५४ वेळा विचारले, त्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून कौल घेतला असता तरी एवढीच आली असती. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले. त्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले, आणि आधी कान तयार करून घेतलेल्या श्रोत्यांत त्याहून वाढले. म्हणजे फरक अजिबात नाही असे म्हणता येत नाही. पण तो एवढा बारीक आहे की त्यासाठी कर्ज काढावे असा नव्हे. पुष्कळदा दोन प्रतींत जो फरक जाणवतो तो एक प्रत केसभर मोठ्या आवाजात असते म्हणून, किंवा तिचे ध्वनिसंस्करण निराळ्या हाताने झालेले असते म्हणून.

शिवाय वाटेतली गळती वेगळीच. सेवेकडून २४ बिटांचे गाणे आले तरी आपण ते ब्लूटूथवरून ऐकत असू, तर फोनमधून निघतानाच त्याची पुन्हा काटछाट होते. ते टाळायचे तर तारेचा हेडफोन लावावा. पैसे खर्चायचेच असतील तर आधी चांगल्या स्पीकरवर खर्चावेत, आणि स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत. उघड्या भिंतींच्या खोलीत ध्वनी आदळून परततो. पुस्तकांनी भरलेल्या मांडण्या तो पसरवतात आणि काहीसा शोषूनही घेतात. पुस्तकांचा हा उपयोग घरच्या मंडळींना अवश्य सांगावा. नवी पुस्तके आणायला तेवढेच एक निमित्त.

हे सर्व झाले गाणे कानापर्यंत येण्याविषयी. याहून महत्त्वाचा प्रश्न मुळात काय येते आहे हा आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही.

अमीर खाँसाहेबांची १९६० मधील दीर्घवादन तबकडी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत त्यांचा अतिविलंबित मावलाच नसता. मारव्यात गाणारा षड्ज सहजासहजी देत नाही; कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर गाणे तोलून धरतो. ऐकणाऱ्याला ती ओढ जाणवते, कारण मागे तंबोऱ्यात षड्ज सतत तेवत असतो. आता, जुन्या ध्वनिमुद्रणांची खरखर काढण्यासाठी जी संगणकी साधने वापरतात, त्यांच्या लेखी खरखर आणि जवारी यांत मोठे अंतर नसते. हात जड पडला की खरखरीबरोबर तंबोराही पुसट होतो. मग मारवा आकड्यांनी कितीही उच्च प्रतीचा असो, त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतलेली असते. अशी 'स्वच्छ' केलेली मुद्रणे ऐकण्यापेक्षा मी खरखर पत्करीन.

तीच गोष्ट गतीची. ज्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या तबकड्या म्हणतो, त्या जुन्या काळी नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होत असे नाही. ७६ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने फिरविली तर लय वाढते आणि सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांतील अंतराच्या निम्म्याने, वर चढतो. गवयाचा आवाज थोडा पातळ होतो, तान थोडी अधिक चपळ वाटते, आणि आपण म्हणतो, काय तयारी होती! चुकीच्या गतीने उतरविलेली तबकडी २४ बिटांत साठविली तर ती चूकच मोठ्या निगुतीने जपली जाते.

यापुढे येतो तो नोंदीचा प्रश्न. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्यांच्या तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात. आपल्याला ती हौस वाटते, पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार व्हायच्या. तेथल्या कारागिराला ना भाषा कळणार ना राग. ऐकून त्याने लेबलावर योग्य नाव घालावे म्हणून नाव गाण्यातच बांधून दिले जाई. आज आपल्या फोनवर एकेका गवयाची शेकडो मुद्रणे क्षणात येतात, पण तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, मैफल कोठली, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलेच नसते. वर्ष दिले असेल तर ते बऱ्याचदा पुनर्प्रकाशनाचे. त्यावरून १९६० चे गाणे एखाद्या नव्या विद्यार्थ्याला या शतकातले वाटावे. ध्वनी सुधारत गेला आणि त्याबरोबरची अक्षरे गळत गेली, हे ग्रंथालयाच्या माणसाला खटकल्याशिवाय राहणार नाही. पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि नामपृष्ठ फाडून टाकावे आणि कागद मात्र आर्टपेपर वापरावा, असा हा प्रकार आहे.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात वडिलांनी जमविलेल्या चाळीस कॅसेटी होत्या, बहुतेक घरगुती बैठकींच्या. मुलांनी त्या हौसेने एका दुकानात डिजिटल करायला दिल्या. परत आली ती एक छोटी पेन ड्राइव्ह. तीत 'ट्रॅक एक'पासून 'ट्रॅक त्र्याऐंशी'पर्यंत नावे, तीही लहान मापाच्या एमपी थ्रीमध्ये. कॅसेटी आणि त्यांच्या डब्यांतली, वडिलांच्या हस्ताक्षरातली कार्डे दुकानदाराने 'आता त्यांचा काय उपयोग' म्हणून टाकून दिली होती. आवाज आहेत, कोणाचे, ते सांगणारा आता त्या घरात कोणी नाही.

वर्गणीचे गाणे हे भाड्याचे गाणे असते, हेही लक्षात ठेवावे. वर्गणी थांबली की ते गेले. कंपनी आणि सेवा यांचा करार संपला तर वर्गणी चालू असतानाही जाते. शिवाय या शहरात गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्या तरी वाड्यात जे गायले गेले, ते कोणत्याही सेवेवर कधी येणार नाही. ते आपल्यापाशीच आहे. आपल्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरील लोखंडी कपाटात व्याख्यानांच्या आणि मैफलींच्या स्पूल फिती आणि कॅसेटी आहेत. फितीवर बुरशी धरते, तिचा थर सुटू लागतो, आणि ती वाजविणारी यंत्रे दुरुस्त करणारे हात कमी होत चालले आहेत.

हाय-रिझोल्यूशन लागते ते येथे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेत अशा मुद्रणांसाठी २४ बिट आणि शक्यतो ९६,००० मोजण्या हे माप सुचविले आहे. कारण सरळ आहे. फीत कदाचित एकदाच नीट वाजेल. मैफलीत आवाज कोठे एकदम चढेल ते आधी कळत नाही. २४ बिटांत वर पुरेशी जागा सोडून मुद्रण घेतले तरी खालचे बारकावे हरवत नाहीत. पुढे गती सुधारायची, खरखर कमी करायची, तर ती प्रतीवर करता येते आणि मूळ अस्पर्श राहते. ऐकण्यासाठी मग त्यातून सीडीच्या मापाची प्रत काढावी, ती पुरते.

कार्यकारिणीने हे काम हाती घ्यायचे ठरविले आहे. मी एवढेच सुचविले की, फीत यंत्रावर चढविण्यापूर्वी तिच्या डब्याचे आणि कार्डाचे छायाचित्र घ्यावे, आणि प्रत्येक मुद्रणासोबत गायक, साथीदार, राग, स्थळ, तिथी आणि माहिती देणाऱ्याचे नाव असलेली नोंद ठेवावी. तीन प्रती कराव्यात, आणि त्यांतली एक या इमारतीबाहेर असावी. कलावंतांची किंवा त्यांच्या वारसांची संमती मिळेपर्यंत ही मुद्रणे इंटरनेटवर घालू नयेत. येथे येऊन ऐकावीत.

मात्र त्या कपाटातील अकरा फितींवर 'गणेशोत्सव' या एका शब्दापलीकडे काहीही लिहिलेले नाही. त्यांतले आवाज ओळखू शकतील अशी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि काही या सभागृहात समोर बसली आहेत. फिती उतरवून झाल्या की दर रविवारी सकाळी दहा वाजता वाचनकक्षात एकेकीची प्रत लावली जाईल. कोण गात आहे, ठेका कोणाचा, मधूनच दाद देणारा तो खर्जातला आवाज कोणाचा, हे ज्यांना सांगता येईल त्यांनी कृपया यावे. जिना चढणे ज्यांना कठीण आहे त्यांच्या घरी यंत्र घेऊन येण्याची तयारी आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी दाखविली आहे. आपला पत्ता आज जाताना देवघेवीच्या खिडकीवर लिहून ठेवावा.