नेतृत्व कोणाला म्हणावे?



नेतृत्वाच्या गुणांवर बोलावे, असे आम्हास सांगण्यात आले. आम्ही बँकेतले कारकून. पुढाऱ्यांशी आमची गाठ पडते ती बहुधा थकबाकीच्या यादीत! तेव्हा गुणांची यादी न वाचता आपल्याच बीड जिल्ह्यातील एका माणसाविषयी बोलतो.

दुकडेगावचे एकनाथ आवाड. लोक त्यांना 'जिजा' म्हणत. मातंग समाजात जन्म, वडील पोतराज. शिकत्या मुलाने वडिलांचे वाढलेले केस कापले आणि घरातले पोतराजपण संपवले. मित्रहो, चावडीवर अंधश्रद्धेविरुद्ध भाषण करता येते, टाळ्याही मिळतात. बापाच्या केसांना कात्री लावणे निराळे. आमच्यापैकी कितीजणांनी स्वतःच्या घरातला साधा ताईत सोडवला आहे?

१९९० मध्ये त्यांनी मानवी हक्क अभियान उभे केले. २००६ मध्ये धम्मदीक्षा घेतली. २०१५ मध्ये ते गेले. त्यांच्या कामातला मोठा भाग गायरानाचा. भूमिहीन माणूस पडीक गायरान वाहितीखाली आणतो, सरकारदरबारी ते अतिक्रमण ठरते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. पण कबजा जुना आहे हे दाखवायचे कशाने? तर पंचनाम्याने आणि अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाच्या पावतीने. ज्या कागदाने शिक्षा झाली, तोच पुरावा! हे अडाणी माणसाला समजावून सांगणे, कागद जपायला लावणे, यात हार-तुरे नाहीत. आमच्या मते खरे नेतृत्व इथेच कसाला लागते.

आता आमची कबुली. काही वर्षांपूर्वी एक आजी काउंटरवर पीककर्ज मागायला आल्या. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणारे घर. सातबारा नाही म्हणून आम्ही त्यांना परत पाठवले. नियमाने ते बरोबरच होते. पण त्यांनी पदराची गाठ सोडून पिवळ्या पडलेल्या पावत्या पुढे केल्या आणि आम्ही 'पुढचा' म्हणून हाक दिली. त्या पावत्या घेऊन तहसीलला जा, एवढे सांगायला पाच मिनिटे लागली असती. आम्ही तर पदवीधर!

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही विहारात लोकांचे कागद वाचायला बसतो. अर्ज लिहिण्यास हात कमी पडतात. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी यावे. त्या आजी अद्याप आलेल्या नाहीत. कोणास त्यांचे घर ठाऊक असल्यास आम्हास जरूर सांगावे.

जयभीम.