दोष हाताचा की हवेचा?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो, ते कामगारांकडून. असा माणूस संगणकावर बोलणार म्हटल्यावर आपल्याला हसू येईल. पण प्रश्न माझ्याच धंद्यातला आहे: काम बिघडले, तर दोष कोणाचा?

माझे वडील गिरणीत साचे चालवीत. खात्यातली हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटे. शिव्या मात्र विणकराला बसत.

2013 साली एक तरुण मेमो घेऊन युनियनच्या कचेरीत आला. त्याचे काम सॉफ्टवेअरची पॅकेजे बांधण्याचे. म्हणजे माणसाने लिहिलेल्या मजकुरातून यंत्राला चालवता येईल असा प्रोग्रॅम तयार करण्याचे. तोच मजकूर शेजारच्या यंत्रावर बिनबोभाट बांधला जाई, याच्या यंत्रावर मध्येच अडे. वरिष्ठांचा निवाडा तयार होता: निष्काळजीपणा!

मी विचारले, "सूत तेच, साचा तसाच, मग हवा तपासलीस का?"

"भाऊ, संगणकात हवा कसली?"

पण असते. संगणकाला लेखी हुकूम देण्याची जी खिडकी, तिला शेल म्हणतात. शेलजवळ काही ठरावीक नावे आणि त्यांच्या किमती असतात. शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक कामाला त्या न मागता वारशाने मिळतात. युनिक्सच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीपासूनची ही रीत. यालाच एन्व्हायर्नमेंट, म्हणजे वातावरण, म्हणतात.

दोन्ही यंत्रांवर 'एन्व्ह' हा हुकूम देऊन त्याने याद्या काढल्या आणि आम्ही त्या ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या. याच्या यादीत एक ओळ जास्त निघाली. मजकुरातून हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधणारे 'ग्रेप' नावाचे हत्यार आहे. सापडलेला शब्द नेहमी रंगवून दाखव, अशी त्याला ताकीद होती. त्या यंत्रावर आधी बसणाऱ्याने ती सुरुवातीच्या फाइलीत लिहून ठेवली होती. माणसाच्या डोळ्यांना रंग सोयीचा. पण पॅकेज बांधणारा प्रोग्रॅम ग्रेपचे उत्तर अक्षरशः वाचतो. रंगाची अदृश्य चिन्हे त्या उत्तरात मिसळली आणि काम अडले.

मग 'एन्व्ह'ला उणे आय जोडून वातावरण रिकामे केले, हत्यारांचा पत्ता सांगणारा 'पाथ' तेवढा दिला. पॅकेज बांधले गेले! एकेक ओळ परत घालत गेलो. रंगाच्या ओळीपाशी पुन्हा अडले. पुरावा मिळाला. मेमो मागे घेतला गेला. चुकीची कबुली मात्र कोणी दिली नाही.

पुढे 2014 मध्ये ग्रेपच्या कर्त्यांनी ही सोय कालबाह्य ठरवून तसा इशारा छापायला सुरुवात केली आणि 2020 च्या 3.6 आवृत्तीपासून ती मानणेच सोडले. लोकांना दटावून भागले नाही, नियमच बदलावा लागला.

हात कधी चुकत नाही, असे मी म्हणत नाही. स्वच्छ वातावरणातही काम अडले, तर खुशाल मजकुरात दोष शोधा. पण मेमोवर सही करण्यापूर्वी दोन याद्या शेजारी ठेवून पाहा. माझ्या वडिलांच्या खात्यात तेवढेही कोणी केले नाही.