उद्यानांतील पक्षिदर्शन

पक्षी पहावयाचे म्हणजे दूरच्या अरण्यांत गेलें पाहिजे, अशी शहरांत राहणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. मुंबईंत मिठी नदीच्या कांठीं, धारावीला लागून असलेलें महाराष्ट्र निसर्ग उद्यान ही समजूत खोटी ठरवितें. सुमारें ३७ एकरांची ही जागा एके काळीं शहराचा केरकचरा टाकण्याची होती. तेथें झाडें लावून वाढविण्यांत आलीं आणि १९९४ सालीं उद्यान लोकांना खुलें झालें. जेथून नाक दाबून जावें लागे, तेथें आतां लोक कान उघडे ठेवून हिंडतात.

अशा सहलीला सूर्योदयाच्या सुमारास जावें. ऊन चढलें कीं पाखरें पानांआड विसावतात. मंडळी दहा-बारांहून अधिक नसावी. भडक कपडे, मोठ्यानें बोलणें आणि पक्षी दिसतांच धांवणें, हीं तीन वर्ज्य केलीं कीं निम्में काम झालें. डोळ्यांच्या आधीं उपयोगीं पडतात ते कान. तांब्याचें भांडें ठोकावें तसा ‘टुक्, टुक्’ असा आवाज एकसारखा येऊं लागतो, तो तांबटाचा. हांक घालतांना तांबट मान इकडून तिकडे फिरवितो, म्हणून आवाजाची दिशा बदलल्याचा भास होतो. एक जण एका झाडाकडे पाहतो, तर दुसरा भलत्याच. शेवटीं कोणा एकाला शेंड्यावरचा हिरवा पक्षी, त्याच्या छातीवरचा तांबडा पट्टा दिसतो, व हलक्या आवाजांत ती वार्ता सर्वांना कळते. पुष्कळांनीं मिळून पाहण्याचा लाभ तो हाच.

या तांबटाचें घर पाहिलें म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. सुकलेल्या फांदींत चोंचीनें भोंक पाडून तो घरटें करतो. नीटनेटकेपणाच्या हौसेनें अशी प्रत्येक फांदी तोडली, तर उद्यान देखणें दिसेल, पण तांबट बेघर होईल. शिंपी पक्ष्याला शिवण्याजोगीं पानें हवींत, शिंजिराला मधाचीं फुलें हवींत. जेथें कोणाच्या अंगावर पडण्याचें भय नाहीं, तेथें वाळकी फांदी राहूं द्यावी.

सलीम अली (१८९६-१९८७) यांनीं लहानपणीं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणत्या जातीची, हें विचारावयास ते १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं त्या मुलाला वाटेला न लावतां पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला, आणि देशाला एक थोर पक्षिशास्त्रज्ञ लाभला. सहलींतील जाणत्यांनीं हा कित्ता गिरवावा. नवख्यानें हळद्याला सुगरण म्हटलें, तर हंसूं नये. डोळ्यावरची काळी रेघ त्याला दाखवावी. नवख्यानेंहि जें नीट दिसलें नाहीं, तें केवळ यादी वाढावी म्हणून लिहूं नये.

सलीम अली व मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनांस अनुसरून महाराष्ट्रांत ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. तेव्हां परीटासारखे हिंवाळी पाहुणेहि आलेले असतात; आरंभाला हा काळ उत्तम. मात्र सहल एकदांच करून थांबूं नये. त्याच वाटेनें दर महिन्याला जाऊन केलेल्या खऱ्या याद्यांवरून कोणता पक्षी नव्यानें आला, कोणता येईनासा झाला, हें कळतें. आणि उद्यानांतील झाडांवर कुऱ्हाड येण्याची वेळ आली, तर पाखरांच्या बाजूनें पुढें ठेवावयास तेवढाच पुरावा हातीं असतो.