गहुंजेच्या गच्चीवरून: मालिका संपते तेव्हा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे ना' शक्य तिथे काढले आहेत. काही मुद्दाम ठेवले आहेत.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण मी आज घरूनच, लोणावळ्यातून रेकॉर्ड करतोय. बाहेर पाऊस आहे आणि आमच्याकडचा पाऊस माइकच्याही मध्ये मध्ये बोलतो.

आजचा विषय छोटा आहे. मालिका संपली की आपल्याला नक्की काय होतं?

4 ऑगस्ट 2025, सोमवार आठवा. दुपारचे साडेतीन. ओव्हलवर शेवटचा दिवस. इंग्लंडला 35 धावा हव्यात, आपल्याला चार विकेट. माझी तेव्हा क्लायंटबरोबर मीटिंग होती. कॅमेरा बंद, माइक म्यूट, लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात मॅच. ओव्हर्टनने पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार मारले तेव्हा मी मीटिंगमध्ये "येस, मेक्स सेन्स" म्हणालो. कशाला म्हणालो, आजही माहीत नाही. मग सिराज आला. स्मिथ गेला, ओव्हर्टन गेला. प्रसिधने टंगचा त्रिफळा उडवला. वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून मैदानात आला. आणि शेवटी सिराजचा तो यॉर्कर, अॅटकिन्सनचा ऑफ स्टंप आडवा. सहा धावांनी जिंकलो. मालिका 2-2.

दीड महिना चालली होती ती. पाच कसोटी, पाचही पाचव्या दिवसापर्यंत गेलेल्या. गिलच्या 754 धावा, सिराजच्या 23 विकेट, पंतचं मोडलेल्या पायाने बॅटिंगला येणं. त्या संध्याकाळी मी घरभर नाचलो.

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता माझा हात आपोआप फोनकडे गेला. अॅप उघडलं. तिथे काहीच नव्हतं, फक्त आदल्या दिवशीचे हायलाइट्स. आई चहा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगदी मामासारखं तोंड केलंयस. त्याचंही सिरीज संपली की असंच व्हायचं."

तर आज मामाबद्दल बोलतो. आणि 2021 च्या त्या मालिकेबद्दल, जी आमच्या मावळात झाली.

माझ्या मामाचं घर गहुंज्याला. हो, तेच गहुंजे. तुम्ही ज्याला 'पुण्याचं स्टेडियम' म्हणता ना, ते खरं तर मावळ तालुक्यात आहे, एक्सप्रेसवेच्या कडेला. टीव्हीवर 'पुणे' लिहून आलं की मामा दर वेळी चिडायचा. "गहुंजे लिव्हायला काय शाई लागती का?" त्याची इंद्रायणी तांदळाची शेती होती आणि क्रिकेटचं वेड होतं. घराच्या गच्चीवरून स्टेडियमचे फ्लडलाइटचे खांब दिसतात. सरळ रेषेत किलोमीटरभर असेल.

आता यातली गंमत ऐका, कारण मी इंजिनिअर आहे आणि मला हे भारी वाटतं. मामाने गच्चीवर वायर ओढून टीव्ही आणला होता. मैदानात षटकार बसला की लोकांच्या ओरडण्याचा आवाज गच्चीपर्यंत यायला तीनेक सेकंद लागतात. पण टीव्हीचं चित्र कॅमेऱ्यातून व्हॅनमध्ये, तिथून सॅटेलाइटवर, तिथून परत खाली, असं फिरून येतं, त्याला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि मोबाइलवरचं स्ट्रीमिंग तर आणखी मागे. म्हणजे गच्चीवर आधी आवाज यायचा, मग टीव्हीवर बॉल पडायचा, आणि बऱ्याच वेळाने माझी मामेबहीण फोनकडे बघत ओरडायची, "सिक्स!"

15 जानेवारी 2017, रविवार. इंग्लंडविरुद्ध 351 करायचे होते आणि आपले 63 वर चार गेले होते. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिकीट मिळालं नव्हतं, म्हणून गच्चीवर. कोहली एका बाजूला आणि दुसरीकडे आपला पुण्याचा केदार जाधव. केदारने 76 चेंडूंत 120 मारले. त्या दिवशी मामा टीव्हीकडे बघतच नव्हता. स्टेडियमकडे तोंड करून, डोळे मिटून बसला होता. आवाज आला की बोट वर. "चौका." परत आवाज. "ह्यो सिक्स. थांब जरा, टीव्हीला कळंल आता." आणि खरंच टीव्हीला मागाहून कळायचं. चौकार आणि षटकार त्याला आवाजावरून कसे ओळखू यायचे, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मामाची एक वहीसुद्धा होती. दोनशे पानी, लाल कव्हरची. प्रत्येक मॅचचा स्कोअर, कोणी किती मारले, कोणी किती घेतले. मालिका संपली की खाली एक रेघ मारायचा आणि रेघेखाली लिहायचा, 'पुढची:' आणि मग पुढच्या मालिकेचं नाव आणि महिना. ते लिहिल्याशिवाय जेवायचा नाही. मामी म्हणायची, एवढं पेरणीचं लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

मग आला मार्च 2021.

इंग्लंडविरुद्धचे तिन्ही वनडे गहुंज्यात. 23, 26 आणि 28 मार्च. पण कोरोना परत वाढत होता, त्यामुळे प्रेक्षकांना बंदी. स्टेडियमची 37 हजार माणसांची जागा, सगळी रिकामी. काही जण जवळच्या टेकड्यांवर चढून मॅच बघत होते. सचिनचा तो प्रसिद्ध चाहता, अंगभर तिरंगा रंगवणारा सुधीर कुमार, तोही टेकडीवरून झेंडा फिरवतानाचे फोटो आले होते. मी तेव्हा वर्क फ्रॉम होमवर. लॅपटॉप बॅगेत टाकला आणि बाइकवरून मामाकडे गेलो.

मंगळवारी पहिली मॅच. धवन 98 वर आउट झाला. कृणाल पांड्याचं वनडेतलं पदार्पण, त्याचे वडील दोनच महिन्यांपूर्वी गेलेले. त्याने 26 चेंडूंत पन्नास केले आणि नंतर माइकसमोर त्याला बोलताच येईना. मामाने तेव्हा टीव्हीचा आवाज कमी केला. का, ते नाही सांगितलं. मग बेअरस्टो आणि रॉयने 135 ची सलामी दिली, वाटलं संपलं. बेअरस्टो 94 वर गेला, प्रसिध कृष्णाने पदार्पणात चार विकेट काढल्या आणि आपण 66 धावांनी जिंकलो.

पण गच्चीवर सगळं विचित्र होतं. दिवे लागलेले, आणि आवाज शून्य. फक्त एक्सप्रेसवेवरच्या ट्रकचे हॉर्न. मामा सवयीने स्टेडियमकडे कान लावून बसायचा आणि मग मान वळवून टीव्ही बघायचा. म्हणाला, "आज आपल्याला पण टीव्ही सांगंल तवाच कळायचं."

शुक्रवारी आपण 336 केले आणि इंग्लंडने ते 39 चेंडू राखून उडवले. बेअरस्टो 124. आणि स्टोक्स 52 चेंडूंत 99. दहा षटकार मारले आणि शंभरला एक कमी असताना गेला. मामा इंग्लंडवर वैतागला होता, पण स्टोक्ससाठी हळहळला. वहीत त्या 99 भोवती त्याने गोल केला. मागचं पान उलटून धवनच्या 98 भोवती आणि बेअरस्टोच्या 94 भोवतीसुद्धा केला. "तिघं दारात राहिले," म्हणाला.

शनिवारचा दिवस मोकळा. मला वाटतं मालिकेची खरी मजा या मधल्या दिवसांत असते. मॅच नसते पण डोक्यात चालू असते. मामा भाजीला पाणी देत होता, मी पायरीवर बसून कोड लिहीत होतो, आणि आम्ही दिवसभर भांडलो. कुलदीपला काढावं का? स्टोक्सला बाउन्सर टाकावा की नाही? जणू विराट कोहली आमच्या ओट्यावर येऊन विचारणारच होता.

रविवारी होळी. राज्यात रात्रीची जमावबंदी लागलेली, त्यामुळे गावाची मोठी होळी नाही. अंगणात घरच्यांनी चार गोवऱ्या पेटवल्या, नैवेद्य दाखवला आणि परत गच्चीवर. आपले 329. इंग्लंडचे 200 वर सात गेले. मामाने पेनाला टोपण लावलं. मामीने खालून हाक मारली, "पोळ्या गार होत्यात!" आणि मामा म्हणाला, "चला, झालं."

नाही झालं. सॅम करन, वय वर्षं 22, आठव्या नंबरवर आलेला. आधी आदिल रशीदबरोबर 57 धावा. मग कोहलीने डावीकडे झेपावून एका हाताने रशीदचा झेल घेतला. तरी करन थांबेना. मार्क वुडबरोबर आणखी 60. एकोणपन्नासाव्या ओव्हरमध्ये आपण दोन झेल सोडले. मामा उठून उभा राहिला. टोपण कुठे गेलं कोण जाणे.

शेवटच्या षटकात 14 हव्यात. बॉल नटराजनकडे. पहिल्याच चेंडूवर दुसरी धाव घेताना वुड रनआउट. एक धाव. मग दोन चेंडू काही नाही. गच्चीवर पाच माणसं आणि कोणी श्वास घेत नव्हतं. करनने एक चौकार मारला, पण तोपर्यंत हिशोब संपला होता. सात धावांनी जिंकलो. करन नाबाद 95.

मामेबहिणीच्या फोनवर अजून दोन चेंडू बाकी होते. तिला कोणी सांगितलं नाही. तिचं होईपर्यंत आम्ही गप्प राहिलो आणि मग सगळे परत एकदा ओरडलो.

जिंकलो होतो, बरं का. मालिका 2-1. पण थोड्या वेळाने पडद्यावर करन दिसला, चेहरा उतरलेला, आणि मला स्वतःचाच राग आला, कारण मला वाटलं, अजून एक मॅच असती तर. मामाने वहीत 95 भोवती चौथा गोल केला. मग रेघ मारली. 'पुढची: इंग्लंडमध्ये कसोटी, ऑगस्ट.' मग जेवायला खाली आलो. पुरणपोळ्या गारच झाल्या होत्या. जेवून मी परत वर गेलो तेव्हा फ्लडलाइट बंद झाले होते आणि स्टेडियम कुठे आहे तेही कळत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी मामा गेला. कोरोनाच. ते दिवस कसे होते हे तुम्हाला माहीत आहे, मी जास्त बोलत नाही. आम्हाला त्याच्याजवळ बसता आलं नाही, एवढंच सांगतो. मे महिन्यात आयपीएलसुद्धा मध्येच थांबली आणि मला पहिल्यांदा त्याचं काहीच वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये मामीने ती वही माझ्याकडे दिली. म्हणाली, "तूच लिही आता." मी लिहायला लागलो. अक्षर माझं घाण आहे, टाइप करून करून गेलंय. नॉटिंगहॅम अनिर्णित. लॉर्ड्स जिंकलो. लीड्स हरलो. ओव्हल जिंकलो. 2-1. आणि पाचव्या कसोटीच्या दिवशी, 10 सप्टेंबरला, भारतीय संघाच्या स्टाफमध्ये कोरोना निघाल्यामुळे मॅच रद्द. ती कसोटी झाली पुढच्या वर्षी, जुलै 2022 मध्ये, एजबॅस्टनला. रूट आणि बेअरस्टोने 378 चा पाठलाग केला आणि मालिका 2-2. म्हणजे मामाने लिहून ठेवलेल्या 'पुढची'खाली रेघ मारायला मला जवळजवळ वर्ष लागलं. खरं सांगू? हरलो त्याचं वाईट वाटलंच, पण ती मालिका वर्षभर उघडी राहिली हे मला बरं वाटलं होतं.

मग 19 ऑक्टोबर 2023. वर्ल्डकप, गहुंज्यात भारत-बांगलादेश. ऑफिसातल्या मित्राकडे एक जादा तिकीट होतं. मी नाही म्हणालो आणि गच्चीवर गेलो. मामी, मामेबहीण आणि मी. जिंकायला दोन हव्यात, कोहलीला शंभरसाठी तीन. टीव्हीवर नसुम अहमद अजून रनअपच्या सुरुवातीला होता. आणि तिकडून आवाज आला. अडीच वर्षांपूर्वी जो आला नव्हता तो. एवढा मोठा की खालचं कुत्रं भुंकायला लागलं.

मामी म्हणाली, "सिक्स हाय."

मग टीव्हीला कळलं.

तर मंडळी, मालिका संपल्यावर जे पोकळ वाटतं ना, त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. निकाल काय, तो मोबाइलमध्ये कायमचा राहतो, कधीही बघा. पण साडेतीन वाजता कोणाची तरी वाट बघणं, मधल्या दिवसांत भांडायला माणूस असणं, ते संपतं. मला वाटतं वाईट त्याचं वाटतं. आणि ते वाटू द्यावं. "अरे, खेळच आहे" म्हणून झटकू नये. मामा झटकत नव्हता. तो तोंड पाडून बसायचा, पण जेवायच्या आधी पुढची लिहून ठेवायचा.

त्या मंगळवारी, 5 ऑगस्टला, चहा झाल्यावर मी वही काढली. सिराजचे पाच, प्रसिधचे चार लिहिले. हा तोच प्रसिध, ज्याच्या गहुंज्यातल्या पहिल्या वनडेच्या चार विकेट त्याच वहीत मामाच्या अक्षरात आहेत. 2-2 लिहिलं. रेघ मारली. 'पुढची: आशिया कप, सप्टेंबर' लिहिलं आणि मामीला फोन केला. ती म्हणाली, "पाकिस्तानबरोबर हाय का? मग इकडंच ये, टीव्ही वर नेऊन ठेवते."

तुम्ही मॅच कोणाबरोबर बघता किंवा बघायचात, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. मिनिटभराचं असलं तरी चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये काही ऐकवीन. आणि ज्याच्याबरोबर बघता त्याला आज एक फोन करा. मॅच नसली तरी.

चला, भेटू. पाऊस वाढलाय.