स्थिर चित्रातली हालचाल



रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू घेताना व सोडताना आकार बदलते. ही हालचाल दिसावी कशी? केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी त्याच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून, उमटलेल्या ठिपक्यांवरून रेणूची रचना गणिताने उलगडली. १९३७ साली आरंभलेले हे काम १९५९मध्ये पहिल्या आराखड्यापर्यंत पोहोचले. अशी चिकाटी विरळाच! चित्र स्थिरच, परंतु प्राणवायूसहित व प्राणवायूविरहित अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, की साखळ्यांच्या दोन जोड्या परस्परांपासून सुमारे १५ अंशांनी वळलेल्या दिसतात.

आपल्या ग्वारीघाटाशी येणारी नर्मदा ज्या डिंडोरी-मंडल्यातून वाहते, तेथे आणि विदर्भातही सिकलसेल आढळतो. त्यात बीटा साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन असते. प्राणवायू सुटल्यावर बदललेल्या आकारात त्या व्हॅलीनला शेजारच्या रेणूत नेमकी खाच सापडते. रेणू अडकत जाऊन तंतू बनतात, रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू मिळताच तंतू विरघळतात, पण वारंवार वाकलेली पेशी अखेर वाकडीच राहते.

वाहक बाहेरून निरोगीच दिसतो. म्हणून पालकहो, सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी रक्त तपासा. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते.