आधी सही, मग अटी



पगारकपात आपणा नोकरदारांना नवी नाही. पण अमेरिकन एअरलाइन्समध्ये २००३ साली जे घडले, ते आम्ही बँकेतली मंडळी अजून विसरलेलो नाही. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. वैमानिक, केबिन कर्मचारी आणि जमिनीवरचे कामगार, अशा तिन्ही युनियननी वर्षाला १६२ कोटी डॉलरची कपात सोसायची, असे ठरले. एप्रिलमध्ये मतदान झाले. ते संपता संपता कंपनीचा वार्षिक अहवाल बाहेर आला. त्यात काय निघाले? बड्या अधिकाऱ्यांनी सोडून जाऊ नये म्हणून मूळ पगाराच्या दुप्पट बोनस! शिवाय कंपनी बुडाली तरी ४५ अधिकाऱ्यांचे पेन्शन शाबूत राहावे म्हणून ४.१ कोटी डॉलरचा वेगळा ट्रस्ट.

कपातीपुढे ही रक्कम किरकोळच. आमची तक्रार रकमेबद्दल नाही. मतदानाआधी हे कागद कामगारांपुढे का आले नाहीत? खातेदाराची सही घेऊन मग अटी दाखवल्या, तर आम्ही काउंटरवर एक दिवस तरी टिकू का?

युनियन खवळल्या. बोनस रद्द झाला, २४ एप्रिलला मुख्याधिकारी डॉन कार्टी यांनी राजीनामा दिला. कपात मात्र थोड्या फेरफाराने लागू झाली, आणि पेन्शनचा तो ट्रस्टही तसाच राहिला.